ऑल सेंट्स चर्च, मार्गारेट स्ट्रीट, लंडन: नक्की जा
ऑक्सफर्ड सर्कसच्या गर्दीपासून अगदी जवळ आहे पण गल्लीत लपल्यामुळे पटकन सापडत नाही, मी दोनदा पुढे निघून गेलो. वास्तुविशारद विल्यम बटरफिल्डचं डिझाइन, १८५० ला पायाभरणी, १८५९ ला चर्च सुरू, आणि आत शिरलात की भिंतीभर रंगीत टाइल्स, संगमरवर, सोनेरी वेदी, जागा लहान असूनही नजर ठरत नाही. आहे अँग्लिकन, म्हणजे कॅथलिकांपासून वेगळ्या झालेल्या चर्च ऑफ इंग्लंडचं, पण रविवारच्या हाय मासला (गायनासह होणारी मोठी उपासना) कॅथलिकांसारखं धूप, घंटा, जरीची वस्त्रं, कॉयर (गायकवृंद) सगळं असतं, १९व्या शतकात याच गोष्टींवरून इंग्लंडमध्ये केवढे वाद झाले, काही पाद्री तुरुंगातसुद्धा गेले! कॉयर गायला लागलं तेव्हा अंगावर काटाच आला. फोटोंपुरतं जाऊ नका, मासला शेवटपर्यंत बसा.