शुगरचा चहा: पाकीट राहू द्या, सुटी गुडमार घ्या

अमळनेरला माझी चहाची टपरी आहे आणि मला स्वतःला शुगर आहे. त्यामुळे 'शुगरवर गुणकारी हर्बल चहा' म्हटलं की मी आधी पाकीट फोडून वास घेतो. चोपड्याच्या बाजारातल्या एका जडीबुटीवाल्याकडून तीन वस्तू आणल्या: चहाचं पाकीट, गुडमारची सुटी सुकलेली पानं आणि विजयसारच्या लाकडाचा पेला. दुकानदार तिन्हींचं एकाच सुरात कौतुक करतो, पण तिन्हींची गत वेगळी आहे.

पाकीट 100 ग्रॅमचं, 240 रुपये. आत गुडमार, जांभळाच्या बिया, मेथी, दालचिनी, तुळस. कशाचं प्रमाण किती, ते छापलेलंच नाही. उकळलं की वास निव्वळ दालचिनीचा, रंग फिक्कट, आणि घोट उतरल्यावर मेथीचा कडवटपणा. मेथीचा गुण तिच्या चिकट तंतूंत. त्यांच्यामुळे जेवणातली साखर रक्तात सावकाश जाते. चहा गाळला की त्यातला बराचसा भाग चोथ्यात जातो. जांभळाच्या बियांची भुकटीही तशीच. त्यापेक्षा घरची चमचाभर मेथी रात्री भिजवून सकाळी चावून खाल्लेली बरी. वर पाकिटावर छापलंय, 'साखर मुळापासून घालवा'. मधुमेह बरा करतो अशी औषधाची जाहिरात करायला 1954 च्या कायद्याने बंदी आहे, पण वाचतो कोण!

गुडमार मात्र अस्सल निघाली. आपल्याकडे काही जण तिला बेडकीचा पाला म्हणतात. सुकलेली दोन पानं चावून मी साखरेची चिमूट जिभेवर टाकली, तर नुसती वाळू! या पानातला घटक जिभेवरची गोडाची जाणीव अडवतो. कडू, आंबट, खारट सगळं कळतं, फक्त गोड गायब. अर्धा-पाऊण तास हा खेळ चालतो. टपरीवर याची गंमत झाली. पान चावून मी पातेल्यातला चहा चाखला, फिक्का लागला म्हणून साखर वाढवली. रोजचा एक हमाल म्हणाला, "आप्पा, आज च्या भलता गोड शे!" आता चाखायचं काम पोऱ्याकडे. माझ्या धंद्यात दिवसभर गोडाचे घोट पोटात जातात. ते या पानाने निम्म्यावर आले. गोडाची चवच नाही तर प्यायचं कशाला?

विजयसार म्हणजे आपल्या सातपुड्यातला बिबळा. पेल्यात रात्री भरलेलं पाणी सकाळी तांबूस होतं, उन्हात धरलं तर कडेला निळसर झाक दिसते. रंग उतरत नसेल तर लाकूड दुसरंच समजा. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेने विजयसारवर रुग्णांमध्ये चाचणी घेतली होती, पण ती अर्काच्या मोजून दिलेल्या मात्रेवर. पेल्यातून किती उतरतं ते कोण मोजणार? पाणी तुरट लागतं, पितो, एवढंच.

दुकानदाराचं एक बोलणं मला अजिबात पटलं नाही: "गोळी म्हणजे केमिकल, हे झाडपाल्याचं." माझा पुतण्या बी.फार्म आहे, तो हसला. मेटफॉर्मिन या शुगरच्या गोळीचं मूळसुद्धा गॅलेगा नावाच्या युरोपातल्या झाडात आहे. फ्रान्समध्ये 1957 मध्ये ते औषध म्हणून पुढे आलं. आणि पाल्यात खरंच गुण असेल, तर गोळीबरोबर घेतल्यावर साखर जास्तही उतरू शकते. घाम, थरथर सुरू झाली तर ती शुगर कमी झाल्याची खूण. म्हणून मी डॉक्टरांना पानं दाखवली, गोळी चालूच ठेवली. रक्तातल्या साखरेची तीन महिन्यांची सरासरी (HbA1c) 8.1 होती, आता 7.6 आहे. श्रेय पानाचं की कमी झालेल्या चहाचं, ते सांगता येत नाही.

पाकिटाला पाचपैकी एक, पेल्याला दोन, सुट्या पानाला चार. घेताना दुकानातच एक पान चावा आणि खिशातली साखर जिभेवर ठेवा. गोड लागली तर माल जुना आहे किंवा पानच दुसरं. चाखू देत नसेल तर पुढच्या दुकानात जा.