पेत्रोग्राद १९१७ वॉकिंग टूर: एका खोलीसाठी पैसे वसूल

सेंट पीटर्सबर्गला (तेव्हाचं पेत्रोग्राद) १९१७ च्या रशियन क्रांतीवाली वॉकिंग टूर केली, कंपनीचं नाव मुद्दाम टाकत नाहीये. ५ पैकी ३.५, त्यातले २ तर एकट्या विंटर पॅलेसमधल्या डायनिंग रूमचे.

सुरुवात स्मोल्नीपासून. आधी उमरावांच्या मुलींची शाळा, मग बोल्शेविकांचा (लेनिनच्या कम्युनिस्ट पक्षाचा) अड्डा, आता गव्हर्नरचं ऑफिस, त्यामुळे बाहेर उभं राहूनच ऐकायचं आणि त्यात माझा हेडफोन नुसता खरखर करत होता. लेनिन विग घालून इथे आला ते गाइडने झकास रंगवलं, सत्तापालट २५ ऑक्टोबरचा की ७ नोव्हेंबरचा हा जुन्या, १३ दिवस मागे असलेल्या कॅलेंडरचा घोळही नीट सोडवला, पण कॉर्निलोव्ह प्रकरण दोन वाक्यात गुंडाळलं राव. सगळी मेख तर तिथेच आहे! ऑगस्टमध्ये जनरल कॉर्निलोव्ह राजधानीवर चालून येतोय म्हणून झारनंतरच्या हंगामी सरकारचा प्रमुख केरेन्स्कीने कामगारांच्या हातात बंदुका जाऊ दिल्या आणि दोन महिन्यांत त्याच त्याच्या सरकारवर उलटल्या. वर पहिलं महायुद्ध थांबवत नाही, जमिनी वाटत नाही, निवडणूक पुढे ढकलतंय, अशा सरकारसाठी मरायला कोण येणार?

मग विंटर पॅलेस, म्हणजे झारचा राजवाडा, जिथे तेव्हा हे सरकार बसायचं. आपल्या डोक्यात सिनेमातली गर्दी असते, लोक गेटवर चढतायत वगैरे. प्रत्यक्षात शेवटी आत उरलेले थोडे कॅडेट आणि बायकांच्या बटालियनची एक तुकडी, केरेन्स्की सकाळीच गाडीतून सटकलेला, नदीपलीकडच्या किल्ल्यावरून बोल्शेविकांना हल्ल्याच्या इशाऱ्याचा लाल कंदील दाखवायचा तर तो कंदीलच वेळेवर सापडेना, आणि शहरात ट्राम आपल्या चालूच.

आतली छोटी डायनिंग रूम मात्र अजिबात चुकवू नका. नदीकडच्या हॉलमध्ये भीती वाटायला लागली म्हणून मंत्री इथे येऊन बसले, रात्री बोल्शेविकांचा अंतोनोव्ह-ओव्हसेयेन्को आत शिरला आणि सगळ्यांना अटक, संपलं. शेकोटीवर गेंड्याचं घड्याळ आहे, ते अटकेच्या वेळेवर, २ वाजून १० मिनिटांवर थांबवलं होतं, २०१७ मध्ये परत चालू केलं. आम्ही सगळे दाटीवाटीने उभे होतो, तरी कोणी बोलेना.

शेवट ऑरोरा या युद्धनौकेपाशी, जिच्या तोफेने त्या रात्री हल्ल्याचा इशारा दिला. गाइड म्हणे, "इथूनच तोफ डागली!" इथून नाही हो, त्या रात्री जहाज निकोलायेव्हस्की पुलाजवळ होतं, आणि बारही नुसता आवाजाचा, आत गोळा नव्हताच. हे बोललो तर म्हणाला, फोटो इथेच चांगला येतो.