मायलोमाच्या रुग्णाला घेऊन पेट-सीटी केंद्रात दोनदा

आईला मल्टिपल मायलोमा, म्हणजे अस्थिमज्जेतील पेशींचा कर्करोग, झाल्याचे कळल्यापासून आठ महिन्यांत पुण्यातील एका खासगी स्कॅन केंद्रात आम्हाला दोनदा जावे लागले, एकदा उपचार सुरू होण्यापूर्वी आणि एकदा केमोचे पहिले टप्पे संपल्यावर. केंद्राचे नाव येथे देत नाही. ज्या उणिवा पुढे सांगणार आहे, त्या इतर ठिकाणीही भेटतील असा माझा अंदाज आहे.

त्यापूर्वी चार महिने आईच्या कंबरदुखीवर पट्टा, शेक आणि कॅल्शियमच्या गोळ्या एवढेच चालू होते आणि कण्याच्या एक्स-रेवर ‘वयानुसार झीज’ असा शेरा होता. हाडातील साधारण ३० ते ५० टक्के खनिज नाहीसे झाल्याखेरीज एक्स-रेवर भोक उमटतच नाही, त्यामुळे तो शेरा लिहिणाऱ्याला मी दोष देणार नाही. याच कारणाने आंतरराष्ट्रीय मायलोमा कार्यगटाने २०१९ च्या शिफारशींत सर्वांगाच्या एक्स-रेऐवजी कमी किरणमात्रेचा सर्वांगाचा सीटी स्कॅन ही पहिली तपासणी ठरवली. आमच्या रक्तविकारतज्ज्ञांनी मात्र थेट पेट-सीटी लिहून दिला, म्हणजे टोचलेले किरणोत्सारी औषध शरीरात कोठे साठून उजळते ते सीटीच्या चित्रासोबत दाखवणारा स्कॅन, कारण हाडातील भोकांबरोबरच त्यांतील रोग किती सक्रिय आहे हेही त्यांना उपचारापूर्वीच नोंदवून ठेवायचे होते.

पहिली तक्रार स्वागतकक्षाची आहे. खर्चाची चौकशी करताच तेथील मुलीने ‘त्यापेक्षा बोन स्कॅन करा, बराच स्वस्त पडेल’ असे सुचवले. हेतू चांगला असेलही, पण सल्ला चुकीचा होता. बोन स्कॅनसाठी टोचले जाणारे किरणोत्सारी औषध नवे हाड घडवणाऱ्या पेशी जेथे कामाला लागलेल्या असतात तेथे साठते. मायलोमात हाड कुरतडले जाते आणि ते भरून काढणाऱ्या पेशी दबलेल्या राहतात, म्हणून भोक असूनही स्कॅन स्वच्छ दिसू शकतो. तपासणी कोणती करायची हे पैसे घेणाऱ्या खिडकीवर ठरू नये, एवढी शिस्त केंद्राने लावायला हवी.

आतली माणसे मात्र जाणकार निघाली. आदल्या दिवशी फोन करून त्यांनी सहा तास उपाशी राहायला, पाणी भरपूर प्यायला आणि फार चालणे टाळायला सांगितले. फॉर्ममध्ये पांढऱ्या पेशी वाढवण्याचे इंजेक्शन अलीकडे दिले आहे का, असा स्वतंत्र प्रश्न होता. त्या इंजेक्शनाने अस्थिमज्जा सगळीकडे सारखीच उजळते आणि तो उजेड रोगाचा आहे की औषधाचा हे सांगणे कठीण होते, हे तंत्रज्ञाने आम्हाला समजेल अशा शब्दांत सांगितले.

त्यांच्या प्रामाणिकपणाची खरी परीक्षा दुसऱ्या खेपेस झाली. उपचारातील डेक्सामेथासोन या स्टेरॉइडमुळे आईची शुगर २१४ वर गेली होती, आणि पेट स्कॅनमध्ये टोचले जाणारे औषध म्हणजे किरणोत्सारी फ्लोरिन जोडलेली साखरच असल्याने रक्तातली साखर जास्त असली की रोगपेशींकडे ते पुरेसे जात नाही. घाईने इन्सुलिन देऊन काम उरकता आले असते, पण मग ते औषध स्नायूंत ओढले जाते. म्हणून त्यांनी आम्हाला परत पाठवले, दोन दिवसांनी बोलावले आणि जादा पैसेही घेतले नाहीत. त्या दिवशी मी चिडलो होतो, हे कबूल करतो.

वेळापत्रकाविषयी इतके चांगले लिहिता येत नाही. त्या औषधातले किरणोत्सारी फ्लोरिन-१८ दर ११० मिनिटांनी निम्मे होते, त्यामुळे ते जेथे तयार होते त्या सायक्लोट्रॉन यंत्राच्या ठिकाणाहून येणाऱ्या गाडीला उशीर झाला की साऱ्यांचेच नंबर पुढे ढकलले जातात, हे मान्य. पण मणका दबलेल्या, सकाळपासून उपाशी असलेल्या वृद्धेला तीन तास प्लॅस्टिकच्या खुर्चीवर बसवून ठेवणे कशातच बसत नाही. पलंग मागितल्यावर मिळाला, म्हणजे तो होता. उलट मशीनवर घेताना तंत्रज्ञाने ‘आजी, दुखलं की सांगा, घाई नाही’ म्हणत गुडघ्यांखाली उशी सरकवली, तिच्यामुळेच आई वीस मिनिटे सरळ पडून राहू शकली.

सर्वांत महत्त्वाची गोष्ट येथेच घडली. अनेक कर्करोगांसाठी हा स्कॅन कवटीच्या तळापासून मांडीच्या मध्यापर्यंत करण्याची पद्धत आहे आणि येथेही तेवढाच होणार होता. मायलोमा कवटीत आणि हातापायांच्या लांब हाडांतही असू शकतो. डॉक्टरांच्या चिठ्ठीवरील ‘डोक्यापासून पायापर्यंत’ ही ओळ मी दाखवली, तेव्हा व्याप्ती वाढवली गेली आणि डाव्या मांडीच्या हाडात, गुडघ्याच्या थोडे वर, एक डाग सापडला. वजन पेलणाऱ्या हाडातील असा डाग मोडण्याचा धोका सांगतो, म्हणून अस्थिरोगतज्ज्ञांचे मत त्याच आठवड्यात घेता आले. चिठ्ठी न वाचता मशीन सुरू करणे ही मी या केंद्राची सर्वांत गंभीर चूक मानतो.

पहिला रिपोर्ट सविस्तर होता. दुसऱ्यात ‘अनेक हाडांत भोके दिसतात’ हे वाक्य वाचून घरात रडारड झाली. प्रत्यक्षात उपचारानंतर रोग विझला तरी हाडातील पोकळी बराच काळ, कधी कायमची, तशीच राहते. पाहायचे असते ते त्या जागी औषध अजून साठते का. डोव्हिल या १ ते ५ गुणांच्या पट्टीवर ते यकृताच्या तुलनेत मोजता येते, पण रिपोर्टमध्ये ना तो गुण होता, ना आधीच्या स्कॅनशी तुलना, आणि तो आधीचा स्कॅन त्यांच्याच संगणकात होता. मागणी केल्यावर दोन दिवसांत सुधारित रिपोर्ट मिळाला. रिपोर्ट लिहिणाऱ्या डॉक्टरांनी दहा मिनिटे बसवून दोन्ही चित्रे शेजारी लावून दाखवली, तेव्हा आईच्या कण्यावरचा उजेड मावळल्याचे आम्हीच पाहिले.

येथे एमआरआयही होतो, पण आम्ही तो केला नाही. साधारण दहातील एका मायलोमा रुग्णात रोग असूनही पेट स्कॅन उजळत नाही, आणि सुप्तावस्थेतील, म्हणजे मायलोमा असूनही त्रास सुरू न झालेल्या, रुग्णात एमआरआयवर किमान ५ मिलिमीटरचे एकाहून अधिक डाग दिसले तर उपचार सुरू करण्याचा निर्णय त्याच मायलोमा कार्यगटाच्या २०१४ च्या निकषांप्रमाणे घेता येतो. अशांनी त्याबद्दल डॉक्टरांना अवश्य विचारावे.

बिल १७,५०० रुपये झाले. चित्रे सीडीवर देतात, जी आमच्या लॅपटॉपमध्ये चालत नाही. पेन ड्राइव्ह नेला तर काउंटरवर त्यातही भरून देतात, मात्र तसे सांगणारी पाटी कोठेही नाही. पुढचा स्कॅन आम्ही येथेच करणार आहोत, कारण तुलनेसाठी जुनी चित्रे येथे आहेत आणि तो तंत्रज्ञही. उशी मात्र घरून नेऊ.