बीजिंगमधली ‘मोफत’ नाडीपरीक्षा

चीनच्या टूरला निघाला असाल तर बीजिंगच्या कार्यक्रमात ‘मोफत फूट मसाज आणि पारंपरिक चिकित्सा’ आहे का, ते आधी बघून घ्या. आम्हाला बादालिंगला चीनची भिंत बघून उतरल्यावर थेट तिथेच नेलं. पाय गरम पाण्यात, समोर पांढऱ्या कोटातला माणूस. त्याने आईची जीभ पाहिली, मनगटावर तीन बोटं ठेवली आणि दुभाष्याकरवी सांगितलं, ‘आतड्यांत उष्णता साठलीय, पोट साफ होत नाही.’ आई थक्क! अहो, परकं जेवण, दिवसभर बस, बाथरूमच्या धास्तीने पाणी कमी. अख्ख्या ग्रुपमध्ये पोट साफ होत होतं कुणाचं? पलीकडच्या काकांना आणि हनिमूनवाल्या जोडप्यालाही तीच उष्णता निघाली. आईला रक्तदाबाची कुठली गोळी चालू आहे, हे मात्र कुणी विचारलं नाही.

महिन्याचा कोर्स ९८० युआन, म्हणजे अकरा हजारांच्या वर. सहा-सहा गोळ्या, दिवसातून तीनदा.

घरी आल्यावर आईला मुरडा, जुलाब, पायांत गोळे. आमच्या डॉक्टरांनी गोळ्या बंद केल्या. रक्तदाबाच्या गोळीत लघवी वाढवणारं औषध, त्यात हे जुलाब. पोटॅशियम उतरलं होतं.

भाचा चीनमध्ये एमबीबीएस करतोय. डबीवरचं ‘डिटॉक्स’चं स्टिकर सोलून त्याला फोटो पाठवला. खालचं नाव निघालं न्यूहुआंग जिएदू पिएन. तिथल्या औषधाच्या दुकानांत काही युआनला मिळणारी गोळी! नावात गोरोचन (गुरांच्या पित्ताशयातला खडा), पण चिनी फार्माकोपियात, म्हणजे तिथल्या अधिकृत औषधग्रंथात, गोळ्यांच्या अख्ख्या घाण्याची जी कृती दिलीय, तिच्यात ते कृत्रिम आणि जेमतेम ५ ग्रॅम. रेवाचिनी २०० ग्रॅम. पोट साफ करते ती रेवाचिनीच, आपल्याकडे सोनामुखी करते तसं. शिवाय ५० ग्रॅम मनशीळ, म्हणजे आर्सेनिकचं संयुग. छोट्या गोळ्यांचा डोस एका वेळी तीन. आईला दुप्पट सांगितला होता, तोही महिनाभर.

चीनच्या पर्यटन कायद्याचं ३५वं कलम (२०१३ पासून लागू) लक्षात ठेवा. टूर कंपनीने तुम्हाला न विचारता स्वतःच ठरवलेल्या दुकानात नेलं असेल, तर सहल संपल्यापासून ३० दिवसांत वस्तू परत करून पैसे मागता येतात. आम्ही मुदतीत पत्र पाठवलं. कंपनीचं उत्तर आलं: ते शॉपिंग नव्हतं, कॉम्प्लिमेंटरी हेल्थ चेकअप होतं. बिलावर ‘हेल्थ प्रॉडक्ट’ एवढंच छापलंय. तेच जोडून दुसरं पत्र धाडलंय.