विणकामाचा क्लास की माग? नाशिकमध्ये शिकायचं तर कुठे

नाशिकमध्ये ‘विणकामाचा क्लास’ अशी पाटी दिसली तर आत बहुतेक वेळा सुया आणि क्रोशा असतो, माग नसतो. मराठीत स्वेटरही विणतात आणि पैठणीही, त्यामुळे चौकशी करणाऱ्याची पहिली गल्लत इथेच होते. फोनवर आधी ‘माग आहे का?’ एवढं विचारा. असेल तर लगेच दुसरा प्रश्न: ‘ताणा (मागावर ताणून बांधलेले उभे धागे) कोण लावतं?’ फी, वेळ, प्रमाणपत्र वगैरे त्यानंतर.

कारण धोटा, म्हणजे आडवा धागा इकडून तिकडे नेणारं साधन, टाकायला अर्ध्या तासात जमतं. ताणा मोजणं, तो वही (धागे वर-खाली करणारी) आणि फणी (धागे सारख्या अंतरावर ठेवणारी) यांत भरणं आणि सगळे धागे एकसारखे ताणून बांधणं हीच खरी विद्या आहे. मागावर ताणा आधीच चढवून ठेवलेला असेल तर संध्याकाळी हातात सुंदर तुकडा येतो. घरी मात्र रिकाम्या मागापुढे बसल्यावर काहीच सुचत नाही.

शहरातले क्रोशा आणि सुयांचे क्लास

कॉलेज रोड, इंदिरानगर, सिडको, नाशिकरोड अशा कुठल्याही वस्तीत चौकशी केली तर घरगुती क्लास सापडतो. शिलाईच्या साहित्याच्या किंवा लोकरीच्या दुकानात विचारलं की लवकर पत्ता लागतो, कारण शिकवणाऱ्या बायका तिथूनच लोकर नेतात. खर्च सर्वांत कमी. ४ मि.मी.ची क्रोशाची सुई आणि मध्यम जाडीच्या लोकरीचे दोन गुंडे एवढ्यावर काम सुरू होतं. साखळी, मुका खांब, खांब हे तीन टाके आले की पुढचं बरंचसं नमुना वाचून करता येतं.

नवशिक्याचा चौकोन वर जाताना त्रिकोणी होत जातो. ओळ उलटवल्यावर कडेचा पहिला किंवा शेवटचा टाका सुटतो आणि दर ओळीला एक खांब कमी होतो. चांगली शिकवणारी बाई प्रत्येक ओळीनंतर टाके मोजायला लावते. तुमच्या हातातून सुई घेऊन स्वतःच चार ओळी विणून देणारी बाई प्रेमळ असेल, पण त्यातून शिकणं होत नाही.

मॅक्रमेही याच घरांत शिकवतात. त्यात विणणं नसून गाठी असतात. दोरी दुमडून टांगायची असेल तर तयार लांबीच्या साधारण आठपट कापून घ्या. अपुऱ्या दोरीला मध्येच जोड दिला की तो दिसतोच.

चौकट आणि छोटा माग

शनिवार-रविवारच्या कार्यशाळांमध्ये खिळे मारलेली लाकडी चौकट देतात. भिंतीवर लावायचा तुकडा करायला ती पुरते. चौकटीवर ताणा स्वतःच गुंडाळावा लागतो, हा तिचा मोठा फायदा. इथे नेहमी होणारी चूक म्हणजे कडा आत ओढल्या जाणं: खाली ३० सें.मी. रुंद असलेलं काम वर २५ वर येतं. बाण्याचा, म्हणजे आडवा, धागा सरळ ताणून टाकला की त्याला ताण्याच्या खालून-वरून वळायला लांबी उरत नाही, मग तो कडांनाच आत खेचतो. धागा कमानीसारखा सैल टाकायचा आणि मग कंगव्याने खाली दाबायचा. एवढं एक शिकलात तरी कार्यशाळेचे पैसे वसूल.

ओढणी, मफलर, टेबलावरची पट्टी असं वापरायचं कापड हवं असेल तर चौकट अपुरी पडते. त्यासाठी रिजिड हेडल माग बघा. त्यात वही आणि फणी दोघींचं काम एकच पट्टी करते, आणि माग जेवणाच्या टेबलावर मावतो. असा माग असलेला क्लास मिळाला तर ताण्याचा हिशोब तुमच्याकडून करून घेतात का ते पाहा. २० सें.मी. रुंद आणि दीड मीटर लांब मफलरचा हिशोब असा: दर सें.मी.ला ४ धागे म्हणजे एकूण ८०. लांबीत दोन्ही टोकांच्या झालरीचे ४० सें.मी., आटण्याचे १५ आणि मागावरच वाया जाणारे ४५ धरले की ताणा अडीच मीटरचा होतो. ८० गुणिले अडीच, म्हणजे ताण्याला २०० मीटर, आणि बाण्याला आणखी १३०-१४०. शंभर ग्रॅमला २२५ मीटर भरणारं सूत असेल तर दीडशे ग्रॅम लागतं. दोनशे घ्या, कारण रंगाची तीच खेप पुन्हा मिळेल याचा भरवसा नसतो.

ताणा बांधताना आधी मधली जुडी, मग डावी-उजवी असं करत जायचं आणि तळहात फिरवून ताण बघायचा. सैल राहिलेला धागा वर तरंगतो, धोटा त्यात अडकतो आणि तो तुटतो. एखाददुसराच सैल असेल तर मागच्या बाजूला त्याला लोखंडी नट टांगला की भागतं. सगळं सोडून पुन्हा बांधायची गरज नसते.

येवला

पैठणी विणणाऱ्यांचं गाव, नाशिकहून ८०-८५ किलोमीटर. निफाड, विंचूरमार्गे एसटीने दोन-अडीच तास, कांद्याच्या ट्रॅक्टरांमागे सापडलात तर जास्त. शहरातल्या कुठल्याही क्लासची याच्याशी बरोबरी होत नाही, पण हा क्लासच नव्हे, विणकरांचं राहतं घर किंवा कारखाना आहे. विणकराची मजुरी कामावर ठरते. शिकाऊ माणूस मागावर बसला की तेवढा वेळ त्याची मजुरी बुडते, म्हणून दिवसाचे पैसे आधी ठरवून द्या आणि संपत आलेल्या ताण्यावर बसायची तयारी ठेवा. नव्या नक्षीचा फोटो न विचारता काढू नका.

मागाचा खड्डा आधी बघून घ्या. कडेवर बसून पाय खाली पावड्यांवर (पायाने दाबायच्या पट्ट्यांवर), पाठीला टेकू नाही. गुडघ्याचं किंवा कंबरेचं दुखणं असेल तर तासाभरात कळतं. रेशीम नाजूक असतं. थंडीत फुटलेली बोटं किंवा खरबरीत नख असेल तर धागा ओरबाडला जातो. हातांना आदल्या रात्री तेल लावा, सकाळी मात्र साबणाने धुऊनच बसा, नाहीतर डाग पडतो.

पदर हाताने भरतात की जॅकार्डवर, ते नक्की विचारा. जॅकार्डवर पुठ्ठ्यांच्या छिद्रांप्रमाणे धागे आपोआप उचलले जातात, शिकणाऱ्याला पावडा दाबण्यापलीकडे फारसं काम उरत नाही. पदर उलटून पाहिला की फरक दिसतो: हाताने भरलेला मोर मागूनही तसाच स्वच्छ असतो, जॅकार्डच्या नक्षीमागे सुटे किंवा कापलेले धागे असतात. हाताच्या कामात प्रत्येक रंगाची वेगळी कांडी (धागा गुंडाळलेली नळी) असते. मोराच्या निळ्याला जमिनीचा (नक्षीमागच्या कापडाचा) रंग जिथे भिडतो तिथे दोन्ही बाणे एकमेकांत अडकवून परत फिरवायचे. अडकवायचं राहिलं की तिथे उभी भेग पडते, जास्त ओढलं की कापड फुगतं. हे कौशल्य चौकटीवर दोन रंगांच्या जाड सुतात घटवून गेलात तर विणकराचा आणि तुमचा आठवडा वाचतो.

पैठणीला २०१० साली भौगोलिक मानांकन मिळालं आहे, म्हणजे हे नाव ठराविक भागात, ठराविक पद्धतीने विणलेल्या कापडालाच लावता येतं. तेव्हा शहरात ‘तीन दिवसांत पैठणी’ अशी जाहिरात दिसली तर फार तर मोराचा छोटा नमुना मिळेल असं समजा. येवल्यातही एका दिवसात बघणं होतं, शिकणं नाही. राहून सलग दोन-तीन आठवडे काढता येणार असतील तरच या वाटेला जा. दर रविवारी जाऊन-येऊन शिकण्यात पाच तास रस्त्यात जातात आणि हात मागच्या वेळचं विसरलेला असतो.

सरकारी प्रशिक्षण

केंद्राच्या वस्त्रोद्योग मंत्रालयाची ‘समर्थ’ योजना २०१७ च्या डिसेंबरात मंजूर झाली. त्यात हातमागही येतो. शिकणाऱ्याला फी नाही, पण आधारवर हजेरी, शेवटी परीक्षा, आणि सगळा रोख रोजगारावर. हौस म्हणून शिकणाऱ्याने यात जागा अडवू नये. या कामावर पोट भरायचं ठरवलं असेल तर मात्र चौकशी इथूनच सुरू करा.

ज्यांना नोकरी सांभाळून शिकायचं आहे त्यांनी सहा महिने छोटा माग, आणि मग सुट्टी काढून येवला, असा क्रम लावावा. दिवाळीच्या तोंडावर आणि लग्नसराईत विणकरांना डोकं वर काढायला फुरसत नसते, ते दिवस टाळा. तारीख ठरवताना ‘सांधणी कधी आहे?’ असं विचारा. संपत आलेल्या ताण्याच्या एकेका धाग्याला नव्या ताण्याचा एकेक धागा पिळून जोडतात, त्याच दिवशी ताणा तुमच्या डोळ्यांसमोर मागावर चढतो.