इंग्रजी साहित्य घ्यावं की भाषाविज्ञान?

साहित्याच्या वर्गात कविता-कादंबऱ्यांचा अर्थ लावत बसायचं. वाचनाची आवड नसेल तर पदवीची वर्षं जड जातात.

भाषाविज्ञानात लोकांचं बोलणं हाच कच्चा माल. १९६२ मध्ये भाषाशास्त्रज्ञ विल्यम लबोव यांनी न्यूयॉर्कच्या तीन डिपार्टमेंट स्टोअरमधल्या विक्रेत्यांना अशी विचारणा केली, की उत्तर 'फोर्थ फ्लोअर' असंच यावं. दुकान जितकं उच्चभ्रू, तितका या शब्दांतला 'र' जास्त ऐकू आला! अशा गोष्टींत रस असेल तर ध्वनिलिपी (उच्चार जसेच्या तसे लिहिण्याची चिन्हं), वाक्यरचनेच्या आकृत्या, थोडी संख्याशास्त्राची आकडेमोडही जमून जाते. फक्त 'शुद्ध' इंग्रजी शिकायला इथे येऊ नका; भाषेला गुण देणं हे या शास्त्राचं कामच नाही.

निबंधांतून सुटका दोन्हीकडे नाही. निवड अडलीच असेल, तर मी भाषाविज्ञान सुचवेन. कादंबऱ्या घरीही वाचता येतात.