घरी बांधलेली किट कार: सस्पेन्शन आणि ब्रेक, नऊ महिने आणि ५,१०० मैलांनंतर

गाडी मार्चमध्ये रजिस्टर झाली. आज मीटरवर ५,१०० मैल आहेत, म्हणजे आठ हजार किलोमीटरच्या वर. इंजिन आणि गिअरबॉक्सबद्दल सांगण्यासारखं फारसं नाही. १९९२ च्या माझ्दा एमएक्स-५ मधून ते जसेच्या तसे उचलून बसवले आणि ते निमूट चालतायत. सस्पेन्शन आणि ब्रेकचं मात्र तसं नाही. तिथे प्रत्येक गोष्ट एकदा लावली, मग मोजली आणि पुन्हा लावली.

ज्यांना हा प्रकार नवीन आहे त्यांच्यासाठी थोडक्यात. कॉलिन चॅपमनच्या लोटसने १९५७ मध्ये ‘सेव्हन’ नावाची उघडी, हलकी गाडी काढली. तेव्हा ब्रिटनमध्ये तयार गाडीवर परचेस टॅक्स लागायचा, सुट्या भागांच्या संचावर, म्हणजे किटवर, लागत नसे, म्हणून लोक ती घरी जोडून घेत. १९७३ मध्ये तिचे हक्क केटरहॅमकडे गेले, पण त्या धर्तीच्या किट इथे अजूनही बरेच जण बनवतात. मी इंग्लंडमधल्या कॉव्हेंट्रीत राहतो, गॅरेज भाड्याचं आहे. चासी, विशबोन (चाक चासीला जोडणारे दुबेळक्यासारखे दांडे) आणि स्प्रिंगसकट शॉकअप किटमध्ये आले, बाकी जवळजवळ सगळं एमएक्स-५ चं. गाडी पूर्ण झाली की आयव्हीए नावाची सरकारी तपासणी पास करायची आणि मग नंबर मिळतो. आपल्याकडे हा रस्ता जवळजवळ बंदच आहे. सांगली जिल्ह्यातल्या देवराष्ट्रेच्या कारागिराने भंगारातून जीप बनवली, ती २०२२ मध्ये महिंद्रांनी नवी बोलेरो देऊन आपल्याकडे ठेवून घेतली, पण ती जीप रस्त्यावर कायदेशीर होण्यासारखी नव्हती. ते हात इथे असते तर त्यांना एक तपासणीचा दिवस मिळाला असता, याची मला मनापासून हळहळ वाटते.

आता मुद्दा. एमएक्स-५ साडेनऊशे किलोच्या आसपास. माझी गाडी अर्ध्या टाकीसकट ६१२ किलो. म्हणजे जो ब्रेक, जो मास्टर सिलेंडर (पेडलचा जोर ब्रेक ऑइलच्या दाबात बदलणारा भाग) मी घेतला, तो दुसऱ्याच वजनासाठी बनलेला आहे. हे मला माहीत होतं, पण नुसतं माहीत असून चालत नाही. काट्यावर घालेपर्यंत त्याचा अर्थ कळला नव्हता.

काटे मिळाले ते क्लबमधल्या एका सभासदाकडून, चार चाकांखाली चार. ड्रायव्हरच्या सीटवर माझ्या वजनाइतकी, ७८ किलोची वाळूची पोती ठेवली. ते न करता मोजणं फुकट आहे, कारण इतक्या हलक्या गाडीत माणूस म्हणजे एकूण वजनाचा नववा हिस्सा. पहिलं मोजमाप: पुढे डावीकडे १४०, उजवीकडे १९०, मागे डावीकडे १८८, उजवीकडे १७२. चारही कोपऱ्यांची उंची टेपने अगदी सारखी होती! तरी एका कर्णावर ३७८ किलो आणि दुसऱ्यावर ३१२. डुगडुगणाऱ्या चौरंगासारखी अवस्था, फक्त स्प्रिंगांमुळे ती डोळ्यांना दिसत नव्हती. रस्त्यावर मात्र ती जाणवत होती: जोरात ब्रेक मारला की पुढचं डावं चाक आधी घसरायचं आणि उजव्या वळणावर गाडी डाव्या वळणापेक्षा वेगळी वागायची.

इथे एक गोष्ट समजायला मला दोन संध्याकाळी लागल्या. शॉकअपवरचा स्प्रिंगचा रिंगनट फिरवून पुढचं एकूण वजन मागे नेता येत नाही, डावीकडचं उजवीकडेही नेता येत नाही. पुढचे ३३० ते ३३०च राहतात, डावीकडचे ३२८ तेवढेच. बदलतो तो फक्त कर्ण. एका कोपऱ्याचा नट चढवला की तो कोपरा आणि त्याच्या समोरचा तिरका कोपरा, दोघंही जड होतात. हे कळल्यावर काम सोपं झालं. हलके असलेले दोन कोपरे थोडे चढवले, जड असलेले दोन तेवढेच उतरवले, दर वेळी गाडी दोन-चार फूट पुढेमागे ढकलून स्प्रिंगा बसू दिल्या आणि पुन्हा वाचलं. शेवटी १५७, १७३, १७१, १८९. कर्ण ३४६ आणि ३४४. उंचीत दोन-तीन मिलिमीटरचा फरक राहिला, तो मी तसाच ठेवला. सगळ्या कामात सर्वांत मोठा फरक यानेच पडला, आणि त्यासाठी एक पैसाही नवीन भागावर गेला नाही.

स्प्रिंगांचं वेगळं. किटसोबत पुढे ३५० पौंडांच्या आणि मागे २५० च्या आल्या होत्या (पौंड म्हणजे स्प्रिंग एक इंच दाबायला लागणारा जोर). किटवाल्यांनी सगळ्यांना तोच आकडा दिलेला, इंजिन कुठलंही असो. वार्विकशायरच्या गावरस्त्यांवर मागचं चाक प्रत्येक ठिगळावर उचललं जायचं. सुरुवातीला मला ती ‘स्पोर्टी’ राइड वाटत होती. मग चाक ५० मिलिमीटर उचलून पाहिलं तर पुढचा शॉकअप फक्त ३४ मिलिमीटर दबत होता. म्हणजे गुणोत्तर ०.६८ आणि चाकापाशी पोचणारा ताठपणा त्याच्या वर्गाइतका, ०.४६. पुढच्या शॉकअपच्या तिरकेपणाने चाकाला स्प्रिंग बरीच मऊ मिळते, मागचा जवळजवळ उभा असल्याने तिथे स्प्रिंग पूर्ण ताठ लागते. जूनमध्ये पुढे २७५ आणि मागे १८० च्या घेतल्या. पावसात फरक लगेच कळला. टायर रस्ता सोडत नाही, म्हणून पकड आहे. मऊ गाडी म्हणजे ढिली गाडी, हा माझा समज तिथे गेला. टायरमधली हवाही १८ पीएसआयच आहे. पेट्रोलपंपावरच्या यंत्राला हा आकडा दिला की शेजारचे लोक काळजीने सांगायला येतात, पण ६१२ किलोला तेवढीच पुरते. शॉकअपचे क्लिक (त्यांचा कडकपणा ठरवणाऱ्या खाचा) मी सगळे पूर्ण मऊवर नेले, मग गाडी लाटेसारखी डोलायची थांबेपर्यंत दोन-दोनने वाढवले. त्याहून जास्त काही केलं नाही.

अलाइनमेंट, म्हणजे चाकांचे कोन जुळवणं, दोऱ्याने केली. गाडीच्या दोन्ही बाजूंना चार स्टँडांवर दोन समांतर दोऱ्या ताणायच्या आणि रिमच्या पुढच्या-मागच्या कडेपासून अंतर मोजायचं. कॅम्बर, म्हणजे चाकाचा वरच्या बाजूचा कल, पुढे उणे सव्वा अंश (वरून आत). कॅस्टर, म्हणजे चाक ज्या अक्षावर वळतं त्याचा मागे असलेला कल, मात्र आयव्हीएच्या पहिल्या फेरीत नडला: स्टिअरिंग सोडल्यावर आपोआप सरळ यायला हवं, ते येत नव्हतं. यावर बरेच जण तपासणीपुरता टो-आउट लावतात (चाकांच्या पुढच्या कडा किंचित बाहेर वळवतात), टायर कडक फुगवतात आणि घरी येऊन पूर्ववत करतात. मला ते पटलं नाही. तपासनीस सांगत होता तो दोष खराच होता. वरच्या विशबोनचे वॉशर हलवून कॅस्टर चार अंशांवरून साडेपाचवर नेला आणि दुसऱ्या फेरीत पास झालो. गाडी मोटरवेवर सरळ चालते ती त्यामुळेच. स्टिअरिंग रॅकही सहा मिलिमीटर वर घ्यावा लागला. त्याआधी चाक खड्ड्यात गेलं की ते स्वतःच थोडं वळायचं.

आता ब्रेक. यात मी सर्वांत जास्त वेळ घालवला आणि तो घालवायलाच हवा.

एमएक्स-५ ला पायाचा जोर वाढवणारा बूस्टर असतो, माझ्या गाडीत त्याला जागा नाही. मास्टर सिलेंडर मात्र सुरुवातीला तोच होता, २२.२ मिलिमीटरचा. बूस्टर नसताना तो दाबणं म्हणजे भिंतीवर पाय देणं. १९ मिलिमीटरचा लावला. क्षेत्रफळ कमी, म्हणून पायाच्या त्याच जोराला ३६ टक्के जास्त दाब मिळतो. त्याची किंमत म्हणजे पेडल तितकंच जास्त खाली जातं. ही किंमत मला मान्य होती, पण माझं पेडल त्याहून खूपच जास्त खाली जाऊ लागलं. एअर राहिली असेल म्हणून तीनदा ब्रेकची एअर काढली. बायको पेडल दाबून धरायची, मी निपल उघडायचो, एक लिटर ब्रेक ऑइल संपलं आणि एकही बुडबुडा दिसला नाही.

बाबा कोल्हापुरात, उद्यमनगरात चाळीस वर्षं लेथवर होते. व्हिडिओ कॉलवर मी त्यांना पेडल दाखवत होतो. ते म्हणाले, “पेडल राहू दे. हँडब्रेक किती दात वर येतोय ते मोज.” मोजले, नऊ. “मग मागचे पॅड लांब बसलेत. एअर कसली काढतोयस?” तसंच होतं. एमएक्स-५ च्या मागच्या कॅलिपरला (पॅड डिस्कवर दाबणाऱ्या भागाला) १४ च्या पान्याचा एक बोल्ट असतो, तो काढला की आत ४ मिलिमीटरच्या एलन कीचा अ‍ॅडजस्टर. डिस्क अडेपर्यंत आवळायचा आणि एक तृतीयांश फेरा मागे घ्यायचा. दोन्ही बाजूंना दहा मिनिटं. हँडब्रेक पाच दातांवर आला आणि पेडल वर. एमएक्स-५ चे कॅलिपर वापरणाऱ्या प्रत्येकाने एअर काढायच्या आधी हे बघावं.

पॅडबाबत मी चूक केली होती. रेसिंगचे लावले. ते गरम झाल्यावर पकडतात आणि इतकी हलकी गाडी रोजच्या रस्त्यावर त्यांना कधी गरमच करत नाही. सकाळी पहिल्या सिग्नलला गाडी थांबतच नाही, असं वाटायचं. मिंटेक्स ११४४ लावल्यावर थंडीतही पहिल्या दाबाला धरते. २३५ मिलिमीटरच्या मूळ डिस्क पुरेशा आहेत, मोठ्या डिस्कचा खर्च मला गरजेचा वाटला नाही.

पुढचा-मागचा ब्रेकचा वाटा हा खरा जोखमीचा भाग. जोरात थांबताना माझ्या हिशेबाने पुढच्या चाकांवर ३३० चे सुमारे ४४० किलो होतात आणि मागे जेमतेम अडीचशे उरतात. मागचं चाक आधी लॉक झालं तर गाडी गर्रकन फिरते, म्हणून पुढचं आधी लॉक व्हायलाच हवं. मागच्या लाइनीत दाब कमी करणारा व्हॉल्व्ह घातला. एका बंद एअरफील्डवर, परवानगी काढून, ओल्या काँक्रीटवर मित्राला बाहेर उभं केलं आणि कुठलं चाक आधी थांबतं ते बघायला सांगितलं. मागचा दाब हळूहळू वाढवत गेलो, मागचं आधी लॉक झालं तिथून दोन फेरे परत आलो आणि व्हॉल्व्हला चेकनट मारून टाकला.

पाइपांबद्दल एक सावधगिरीची सूचना. मूळ गाडीच्या भागांना एका प्रकारचा फ्लेअर (पाइपाचं फुलवलेलं टोक) बसतो, किटमधल्या टी-जोडाला दुसऱ्या प्रकारचा. आटे दोन्हींचे एम१० बाय १, त्यामुळे नट छान बसतो, आवळतोही, आणि पंधरा दिवसांनी थेंब दिसतो. माझा दिसला तो पेडलबॉक्सखाली. सगळ्या टोकांचे फ्लेअर तपासून दोन पाइप नवीन केले, तांबे-निकेलच्या मिश्रधातूचे.

ऑक्टोबरमध्ये लेक डिस्ट्रिक्टमधल्या हार्डनॉट खिंडीत गेलो. तिथे चढ तीनास एक, म्हणजे ३३ टक्क्यांपर्यंत. वरंध घाटाची वळणं अरुंद करून अंगावर यावीत तसा रस्ता. समोरून व्हॅन आली म्हणून मधल्या वळणावर थांबावं लागलं, पाच दातांवर हँडब्रेक ओढला आणि गाडी तसूभरही हलली नाही. उतरताना पेडल पहिल्यापासून शेवटपर्यंत एकाच उंचीवर राहिलं. बाबांना तिथूनच फोन केला.

तक्रार एकच उरली आहे. डिसेंबरपासून रस्त्यांवर मीठ पडतंय आणि पुढच्या खालच्या विशबोनचे रोज-जॉइंट (दांड्यांच्या टोकांचे गोळीचे सांधे) खडखडू लागलेत. डावीकडचा हाताने हलतो. पाच हजार मैलांत जॉइंट गेले, कारण मी त्यांवर रबरी बूट घातले नव्हते. नवीन चार जॉइंट आणि बूट आले आहेत, गाडी स्टँडवर आहे. जॉइंट बदलले की लांबी अर्ध्या आट्याने तरी बदलणार, म्हणजे कॅम्बर, टो, दोऱ्या सगळं पुन्हा. काटे पुढच्या शनिवारी मागितलेत.